विहिरीतला कंदील आणि प्रकाशावर चालणारा वायुसंवेदक

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक यांच्या तालुका पातळीवरील मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'अब्जांश पदार्थांचे प्रकाशचालित वायुसंवेदक' असा छापण्यात आला आहे. तो वाचून पहिल्या रांगेतील एका सरपंचांनी मघाशी मला विचारले, "साहेब, हे आमच्या कामाचे आहे का?" प्रश्न रास्त होता. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध प्रयोगशाळांतील कामाची माहिती मिळवून ती लोकांपर्यंत पोहोचविण्यापुरता. म्हणून प्रयोगशाळेपासून प्रारंभ न करता आपणा सर्वांच्या परिचयाच्या ठिकाणापासून, म्हणजे विहिरीपासून मी प्रारंभ करतो.

बरेच दिवस वापरात नसलेल्या विहिरीत गाळ काढण्यासाठी अथवा अडकलेला पंप सोडविण्यासाठी माणूस उतरविण्यापूर्वी जुनी जाणती मंडळी दोराला पेटता कंदील बांधून आत सोडीत. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरे. विझला तर आत 'वायू' आहे असे समजून पालेदार फांदी दोराने वरखाली हलवीत, पाण्याच्या बादल्या ओतीत आणि आतील हवा खेळती करीत. ही रीत अडाणीपणाची मुळीच नव्हती. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते १६-१७ टक्क्यांच्या आसपास उतरले की ज्योत विझते. त्या पातळीला माणसाला धाप लागते, डोके जड होते, पण तो सहसा शुद्धीवर असतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी हार मानी आणि त्यातच त्याची उपयुक्तता होती.

परंतु कंदिलाला एकच गोष्ट कळे, ती म्हणजे प्राणवायूची उणीव. हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू घ्या. शेणकाल्याचे खड्डे, संडासाच्या टाक्या, तुंबलेली गटारे यांत तो तयार होतो. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो, हे आपल्या शिक्षकांना प्रयोगशाळेतील अनुभवाने ठाऊक आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागही नसताना नाकाला तो जाणवतो. गंमत, किंबहुना दुर्दैव असे की, हे प्रमाण शंभर भागांच्या घरात गेले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास थांबतो आणि माणसाला वाटते, वायू गेला! पाचशे ते हजार भागांच्या दरम्यान माणूस पाहता पाहता कोसळतो. दहा लाखांत हजार भाग म्हणजे हवेच्या शेकड्यात एकाचा दहावा हिस्सा. एवढ्याने प्राणवायू कितीसा उणा होणार? कंदील मजेत तेवत राहतो. मिथेनची गोष्ट तर उलटीच. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगी पडताच भडका उडतो. तेथे कंदील सोडणे म्हणजे स्वहस्ते काडी लावणे होय.

वाकडीची घटना आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी गावी शेणकाला साठविलेल्या एका पडक्या विहिरीत मांजर पडले. त्याला वाचविण्यासाठी एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. पाच माणसे गेली. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, त्याला वर ओढून घेता आले म्हणून तो वाचला. अशा घटनेची बातमी आमच्या कार्यालयात येते तेव्हा तिच्यात बहुधा हाच क्रम असतो. पहिला माणूस कामासाठी उतरतो आणि पुढचे सारे त्याच्यासाठी. विहिरीच्या काठावर त्या वेळी आतील हवेची खूण पटविणारे एखादे साधन असते, तर निदान दुसरा माणूस थबकला असता असे मला वाटते. माझ्या आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे. असे साधन काठावर का नसते, आणि ते असावे म्हणून जगात काय चालले आहे?

साधन अस्तित्वातच नाही असे नव्हे. प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या चारही गोष्टी एकदम मोजणारे, हातात मावणारे यंत्र बाजारात मिळते. मोठे कारखाने आणि अग्निशमन दले ते वापरतात. त्यातील प्राणवायू व विषारी वायू मोजणारे घटक रासायनिक घटासारखे असतात. त्यांना वीज फार लागत नाही, परंतु दोन-तीन वर्षांत ते निकामी होतात, बदलावे लागतात. मधूनमधून प्रमाणित वायू सोडून यंत्राचा काटा पारखून घ्यावा लागतो. किंमतही ग्रामपंचायतीने सहज घ्यावी अशी नाही. घेतलेच तर ते कपाटात कुलूपबंद राहते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका त्या दिवशी तालुक्याला गेलेला असतो. (हशा)

स्वस्त संवेदक हवा असेल तर तो दुसऱ्या जातीचा, आणि त्याचा जन्म जपानमधला. १९६२ साली क्यूशू विद्यापीठातील सेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तापविलेल्या जस्ताच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युत्‌रोध भोवतालच्या वायूप्रमाणे बदलतो. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडवर आधारलेल्या संवेदकाच्या एकस्वासाठी अर्ज केला. स्वयंपाकघरात गॅसची गळती होताच ओरडणारी जी छोटी पेटी भिंतीवरील विजेच्या खोबणीत बसवितात, तिच्यात बहुधा याच वंशातील संवेदक असतो.

त्याचे कार्य समजण्यास कठीण नाही. कथिलाचे वा जस्ताचे ऑक्साइड हा अर्धसंवाहक, म्हणजे धड तांब्यासारखा वीज वाहून नेणारा नव्हे की धड काचेसारखा अडविणारा नव्हे. हवेतील प्राणवायूचे रेणू त्याच्या कणांना येऊन चिकटतात आणि चिकटताना त्यातील इलेक्ट्रॉन ओढून घेतात. वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉनच कमी झाल्यामुळे रोध वाढतो. आता तेथे एखादा ज्वलनशील वायू आला की तो त्या चिकटलेल्या प्राणवायूशी संयोग पावतो, ओलीस धरलेले इलेक्ट्रॉन सुटून माघारी जातात आणि रोध उतरतो. ही चढउतार मोजली की वायू मोजला. मात्र एक अट आहे. नेहमीच्या तापमानाला हा सारा व्यवहार अतिशय मंदावतो. एकदा बसलेला प्राणवायू जुन्या भाडेकरूप्रमाणे जागा सोडीत नाही. त्याला हलता ठेवण्यासाठी संवेदक २०० ते ४०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो. म्हणून त्याच्या पोटात एक चिमुकला तापक असतो.

सगळी अडचण या तापकाने केली आहे. सामान्य स्वस्त संवेदकाचा तापक सुमारे पाऊण वॉट वीज घेतो. आपल्या घरातील दिव्याच्या मानाने हे काहीच नाही आणि भिंतीत खोबणी असेल तर प्रश्नच नाही. परंतु पडक्या विहिरीच्या काठी खोबणी कोठून आणावी? विजेरीच्या दोन लहान सेलांत मिळून सहा वॉट-तास ऊर्जा धरली, तर पाऊण वॉटचा तापक ती आठ तासांत संपवितो. सकाळी लावलेला पहारेकरी संध्याकाळी झोपी जातो. शिवाय स्फोटक वायू शोधण्यासाठी तापलेली वस्तू आत सोडायची, ही मूळ विसंगती उरतेच. तीवर उपाय म्हणून संवेदकाभोवती बारीक तारेची जाळी बसवितात, म्हणजे आत पेट घेतला तरी ज्वाला बाहेर पडत नाही. ही युक्ती सर हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली इंग्लंडमधील कोळशाच्या खाणीतील कामगारांच्या दिव्यासाठी काढली होती. दोनशे वर्षांनंतरही आपण त्या कंदिलाच्या जाळीतून पुरते बाहेर पडलेलो नाही, ही गोष्ट मला मोठी विचार करण्यासारखी वाटते.

यावर शास्त्रज्ञांनी विचार केला तो असा. चिकटलेल्या प्राणवायूला हलविण्यासाठी ऊर्जा हवी, हे खरे. पण ती उष्णतेच्याच रूपाने का द्यावी? प्रकाशाच्या रूपाने दिली तर? जस्ताच्या ऑक्साइडवर, म्हणजे कॅलामाइन म्हणून आपण अंगाला जे लावतो त्यातील मुख्य पांढऱ्या भुकटीवर, सुमारे ३७० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की आतील बद्ध इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्याच्या जागी एक धन 'विवर' राहते. हे विवर पृष्ठभागाकडे धाव घेते आणि तेथे ठाण मांडून बसलेल्या प्राणवायूला मोकळे करते. जागा रिकामी होते, नवा प्राणवायू सैलसा चिकटतो, वायू आला की चटकन प्रतिक्रिया देतो. तापकाने जे ३०० अंशांवर साधले, ते खोलीच्या नेहमीच्या तापमानाला साधते. अर्थात ३७० नॅनोमीटरचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो अतिनील विभागात मोडतो. पण तो देणारा बारीक दिवा, ज्याला आपण एलईडी म्हणतो, आता सहज मिळतो. निळ्या एलईडीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी ज्या गॅलियम नायट्राइडवर परिश्रम घेतले, त्याच कुळातील पदार्थांपासून हे अतिनील दिवेही होतात.

आता अब्जांश पदार्थ कशासाठी, याचे उत्तर देतो आणि ते जमिनीच्या हिशेबाने देतो, कारण आपल्याकडे तोच हिशेब चटकन कळतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहाही बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर भरतात. त्याचेच तुकडे करीत करीत दहा नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर माल तेवढाच राहतो, पण सर्वांचा पृष्ठभाग मिळून होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. वायूचा सारा व्यवहार पृष्ठभागावर चालतो. बोटाच्या पेराएवढ्या पदार्थात सहा गुंठ्यांची बाजारपेठ उभी राहिली तर देवाणघेवाण किती वाढेल! दुसरे असे की, प्रकाशाचा व वायूचा परिणाम पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटरच पोहोचतो. जाड कणात तो सालीपुरता राहतो, तर बारीक कण वा तार अंतर्बाह्य बदलते. याकरिता नॅनोमीटर जाडीच्या तारा, अतिसूक्ष्म कण, तसेच २००४ साली मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी वेगळे केलेले एका अणूच्या जाडीचे ग्रॅफीन, यांवर प्रयोग चालले आहेत.

फलित काय? दक्षिण कोरियातील 'कैस्ट' या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली अतिशय छोट्या एलईडीच्या माथ्यावरच जस्ताच्या ऑक्साइडच्या नॅनोतारा बसवून असा संवेदक तयार केला. तो नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू ओळखतो आणि त्याला दोनशे मायक्रोवॉटहून कमी वीज पुरते. मघाच्या त्याच दोन सेलांवर, केवळ दिव्याचा खर्च धरला तर, तो तीन वर्षांहून अधिक काळ जागा राहील. रोध मोजणाऱ्या आणि भोंगा वाजविणाऱ्या मंडलाला वेगळी वीज लागेल, सेलही आपोआप उतरतील, हे सारे मान्य. तरीही आठ तास आणि तीन वर्षे यांतील अंतर लक्षात घ्यावे.

त्याही पुढची पायरी जर्मनीतील कोलोन आणि स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१३-१४ च्या सुमारास गाठली. कोलोनच्या गटाचे नेतृत्व मूळचे भारतीय असलेले प्राध्यापक संजय माथूर यांच्याकडे होते. त्यांनी सिलिकॉन आणि जस्ताचे ऑक्साइड यांची जोडी अशी बसविली की, तिच्यावर प्रकाश पडताच ती सौरघटाप्रमाणे स्वतःच विद्युत्‌दाब निर्माण करते आणि भोवतालचा वायू बदलला की तो दाब बदलतो. मोजमापाची खूण आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा ही दोन्ही एकाच प्रकाशातून मिळतात. संवेदकाला बाहेरून वीज द्यावीच लागत नाही. 'प्रकाशचालित' हा शब्द येथे खऱ्या अर्थाने लागू पडतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर उद्या आपल्यापैकी कोणी दुकानात जाऊन अशा संवेदकाची मागणी करील आणि मला बोल लावील. गावाच्या वापरासाठी तयार असे हे साधन अद्याप बाजारात आलेले नाही. सर्वांत मोठा शत्रू दमट हवा. पाण्याची वाफही कणांच्या पृष्ठभागावर जागा अडविते. तापलेल्या संवेदकावरून ती उडून जाते, थंड संवेदकावर ठाण मांडते. आणि विहिरीत, टाकीत, कोकणातील पावसाळ्यात दमटपणाखेरीज असते काय? दुसरी अडचण वायू-वायूंतील भेद कळण्याची. एक वायू आला म्हणून रोध उतरला की दुसरा, हे एकट्या संवेदकाला नीट सांगता येत नाही. २०१४ च्या कामात कोलोन व बार्सिलोनाच्या मंडळींनी पृष्ठभागावर निवडक सेंद्रिय रेणूंचा लेप देऊन नायट्रोजन डायऑक्साइडपुरता हा प्रश्न सोडविला, पण आपल्याला हवे आहेत ते हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन. यांतील मिथेन तर स्वभावानेच थंड. सहजी कशाशी संयोग पावत नाही. तिसरे म्हणजे सूर्यप्रकाशात अतिनील भाग शेकडा चार-पाचच. तेव्हा उघड्या उन्हावर काम भागवायचे तर दृश्य प्रकाश शोषणाऱ्या पदार्थांची जोड द्यावी लागते. त्यासाठी कॅडमियम सल्फाइड वापरले जाते, परंतु कॅडमियम स्वतःच विषारी. विहिरीतील विष ओळखण्यासाठी विहिरीपाशी दुसरे विष नेणे मला तरी पसंत नाही. शिवाय विहिरीच्या तळाशी ऊन पोहोचत नाही. तेथे एलईडीच हवा, आणि त्याला लागणारी चिमूटभर वीज काठावरच्या तळहाताएवढ्या सौरपट्टीतून घ्यावी, हेच मला अधिक व्यवहार्य दिसते. प्राणवायू किती उरला हे मोजण्याचे काम मात्र तूर्त रासायनिक घटाकडेच राहील.

आपल्या राज्यात या विषयाची पायाभूत तयारी आहे, हे मुद्दाम नमूद करतो. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, पुण्याची 'सी-मेट', कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि सोलापूरचे विद्यापीठ येथे धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर व वायुसंवेदक यांवर काम झालेले आहे. अशाच एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी एकदा गेलो होतो. नखाएवढ्या काचेवर पांढुरका थर, दोन तारा आणि वर जांभळट प्रकाश. तेथील संशोधक विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, खेड्यात हे नेमके कोठे लावता येईल?" मी म्हणालो, विहिरीवर. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आम्ही आजवर कोरड्या हवेतच मोजले आहे." त्याचा प्रांजळपणा मला आवडला, पण प्रयोगशाळा आणि पंचायत यांच्यामध्ये किती अंतर पडले आहे, तेही त्या एका वाक्यात दिसले. गावाने आपली गरज कळविली नाही तर संशोधक कोरड्या हवेतच मोजत राहणार. आपल्या गावात न वापरल्या जाणाऱ्या विहिरी किती, शेणकाल्याचे उघडे खड्डे किती, त्यांचा तळ किती खोल, पावसाळ्यात दमटपणा किती, एवढी माहिती जवळच्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागास कळविण्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोपर्यंत काय, असे आपण विचाराल. गटारे आणि सेप्टिक टाक्या यांत संरक्षक साधनांविना माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. गटारातील मृत्यूबद्दल ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिलेला आहे. खासगी विहिरीला वा खड्ड्याला झाकण घालून घेण्याचे काम मात्र पंचायतीनेच मनावर घेतले पाहिजे. आणि कोणी उतरणारच असेल तर कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक वरच्या माणसांच्या हाती, आणि आतला माणूस निपचित पडला तर दुसऱ्याने उतरायचे नाही, वरूनच ओढायचे. वाकडीच्या सहाव्या माणसाला दोरानेच वाचविले, आणि दोर प्रत्येक गावात आहे.

शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट राहिली. प्रकाशाने पदार्थाचा विद्युत्‌रोध बदलतो हे वर्गात दाखविण्यासाठी नॅनोतारांची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात 'एलडीआर' म्हणून एक नागमोडी रेषांची टिकली अगदी थोडक्या पैशांत मिळते. ती बहुधा कॅडमियम सल्फाइडचीच असते. वेष्टनात बंद असल्यामुळे ती हाताळण्यास हरकत नाही, मात्र मुलांना फोडू देऊ नये. मल्टिमीटरच्या दोन टोकांना ती जोडली आणि हाताने झाकली की रोध लाखो ओहमपर्यंत चढतो. हात काढून उजेडात धरली की काही हजारांवर, कडक उन्हात शेकड्यांवर येतो. मी अशा दोन टिकल्या आणि एक मल्टिमीटर सोबत आणला आहे. चहा येईपर्यंत ज्यांना स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी या खिडकीपाशी यावे. येथे ऊन चांगले आहे.